मामांचा डावा अंगठा

आमच्या इमारतीच्या जिन्यावर तीन दिवस एकच बातमी वरखाली करत होती: प्लास्टरमामांनी स्वतःच्या मनगटाचं ऑपरेशन स्वतःच केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा मामांनी नुसत्या सूचना दिल्या होत्या. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत त्यांच्या डाव्या हातात ड्रिल आलं, आणि बातमी फाटकाबाहेर पडली तेव्हा मोठे डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून घाम पुसत होते.

तसलं काही झालं नाही. ड्रिल डॉक्टरांच्याच हातात होतं. मामा आडवे होते, उजवा हात खांद्यापासून बधिर, आणि त्यांच्या नि हाताच्या मध्ये हिरवी चादर. पण काकूंना अगदीच खोटं पाडता येत नाही. त्या दिवशी शेवटची पंधरा मिनिटं त्या खोलीत हुकूम कुणाचा चालला, असं विचारलं तर तिथली नर्सदेखील उत्तर द्यायच्या आधी दार लोटून घेते.

प्लास्टरमामा नक्की कुणाचे मामा, हा प्रश्न विचारू नये. सख्खा भाचा एकही नाही. एक पुतण्या आहे, तो काका म्हणतो. पण इस्पितळातल्या हाडांच्या विभागात सव्वीस वर्षं मोडक्या हातापायांना प्लास्टर घालत बसल्यावर माणूस आपोआप जगाचा मामा होतो. लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांची खोली. एक उंच स्टूल, एक खाट, पाण्याचा टब, भिंतीवर पट्ट्यांची फळी आणि ओल्या चुन्यासारखा वास. मामांच्या बुटांचा मूळ रंग मामींनाही आठवत नाही.

त्यांचा हात मात्र खरोखर सोन्याचा. पट्टी भिजवली, गुंडाळली, तळव्याने फिरवली की प्लास्टर असं गुळगुळीत व्हायचं की पेशंट दुखणं विसरून त्याच्यावरून बोट फिरवत बसायचा. काम संपलं की ओल्या प्लास्टरवर, कोपराच्या जरा खाली, मामा आपला उजवा अंगठा दाबायचे. ती त्यांची सही. गावात कुणाच्याही हातावर प्लास्टर दिसलं की लोक आधी अंगठा शोधायचे. नसला तर विचारायचे, "बाहेरून घालून घेतलंत वाटतं?"

अशा या सुखात आठ वर्षांपूर्वी मोठे डॉक्टर आले, आणि येताना छोट्या छोट्या प्लेटा घेऊन आले. बोटभर लांबीची, एका टोकाला पसरट, लहान फावड्यासारखी पातळ पट्टी. तिच्यात तांदळाएवढाले स्क्रू. आणि स्क्रू बसेपर्यंत हाडाचे तुकडे जागेवर धरायला सुईसारख्या तारा. मनगट मोडून आलेला माणूस पूर्वी थेट मामांच्या स्टुलावर यायचा. आता निम्मे जण वाटेतच ऑपरेशनकडे वळू लागले. ऑपरेशननंतर दोन आठवडे आधार म्हणून अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब, लागायचं, तेवढ्यापुरता मामांना निरोप यायचा. लग्नात जेवणं झाल्यावर पानापुरतं बोलावल्यासारखं ते मामांना वाटायचं.

"हात आहे का कपाट?" मामा फाटकापाशी उभे राहून सांगायचे. "स्क्रू मारायला मनगट म्हणजे काय बिजागरी आहे? हाडाला फक्त धरून ठेवायचं असतं. ते आपलं आपण जुळतं."

आणि मग ते पडले.

कसे पडले हे सांगताना आम्हांला हसू आवरत नाही आणि मामींना ते आवडत नाही, म्हणून एका दमात सांगून टाकतो. प्लास्टरच्या खोलीत पाणी सांडायचंच. त्यासाठी मामांनी स्वतः पुढाकार घेऊन एक पिवळी पाटी करून घेतली होती: "फरशी ओली आहे, सावकाश चाला." ती पाटी ठेवायला मामा घाईघाईने निघाले. पडणारा माणूस हात टेकतो. मामांनीही टेकला, तोही उजवा. पाटी अंगावर पडली ती अक्षरं वर करूनच.

मनगटाला उलट्या चमच्यासारखा बाक आला होता. काय मोडलंय हे सांगायला मामांना कुणाची गरज नव्हती. हाडाच्या विभागात नवी आलेली एक तरुण डॉक्टर होती, मामा तिला ताई म्हणत. ती धावत आली आणि म्हणाली, "मामा, आधी एक्स-रे काढू. मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

"ताई, दाखवलं की ते प्लेट बसवतील. तू बधिर करायचं इंजेक्शन दे आणि मी सांगतो तसं ओढ. प्लास्टर माझं मी घालतो."

"स्वतःला? डाव्या हाताने?"

"आपला हात जगन्नाथ. उजवा नसेल तर डावा."

ताईने ओढलं. मामांनी दात आवळून, डाव्या हाताने, शेजारच्या टेबलावर कोपर टेकवून स्वतःला प्लास्टर घातलं. ते जमून आलं असं की बोळातून जाणारे थबकले. उजवा अंगठा कामाचा नव्हता, म्हणून मामांनी डावा दाबला. "आज अंगठेबहाद्दर झालो," असं स्वतःच म्हणून हसले. नंतरच्या एक्स-रेची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले, "माझ्या बोटांत एक्स-रे आहे." सव्वीस वर्षं ज्याच्यापुढे कुणी बोललं नाही, त्याच्यापुढे आठ महिन्यांची डॉक्टर काय बोलणार? तिने त्या प्लास्टरचा फोटो काढला. इस्पितळाच्या अधीक्षकांनी तो मोठा करून सूचनाफलकावर लावला. खाली लिहिलं: "आदर्श प्लास्टर." शिकायला येणारी मुलं त्याच्यासमोर उभी राहून वह्या भरू लागली.

दहा दिवस मामा इमारतीत गळ्यात झोळी अडकवून मिरवले. आठवड्यात सूज उतरली, बोटं हलत होती, आणि मामा ज्याला त्याला सांगत होते, "बघा. एक स्क्रू नाही."

दहाव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई विचारपूस करायला आल्या. त्यांचंही उजवंच मनगट, महिन्यापूर्वी मोडलेलं, मामांनीच बांधलेलं. दोघं टेबलाशी आपापली प्लास्टरं शेजारी शेजारी ठेवून बसली, जशी काही एकाच दुकानातली खरेदी. मामी चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि उभ्याच राहिल्या.

"अहो, बाईंचा हात करंगळीकडे झुकलाय."

"झुकवावाच लागतो. म्हणजे हाड ताणलेलं राहतं."

"मग तुमचा अंगठ्याकडे का झुकलाय?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "प्रत्येकाचं हाड वेगळं असतं."

"हाड वेगळं असेल. करंगळी तर त्याच बाजूला आहे ना?"

बाईंनी हळूच आपला हात टेबलाखाली घेतला. कप अर्धा तसाच ठेवून, गाण्याच्या शिकवणीची वेळ झाली म्हणून त्या गेल्या. शिकवणी संध्याकाळी असते आणि तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

त्या गेल्यावर मामी समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि आपला उजवा हात मामांच्या पुढे धरला. "घ्या. पेशंट समजा. कसा वळवता?"

मामांनी डाव्या हाताने मामींचा पंजा धरला आणि विचार न करता आपल्या डावीकडे कलवला. मामींच्या काकणांचा आवाज झाला. पंजा बरोबर त्यांच्या करंगळीकडे गेला.

मग मामांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. तेही डावीकडेच कललेलं होतं.

हे करंगळीचं शास्त्र पुस्तकात असतं म्हणतात. मामांनी पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातांनी ते आपल्या बोलीत पाठ केलं होतं. पेशंट समोर बसणार. उजवं मनगट आलं की पंजा आपल्या डावीकडे, डावं आलं की आपल्या उजवीकडे. सव्वीस वर्षांत हजारो मनगटं या एका हिशोबाने सरळ झाली. फक्त एक मनगट असं होतं जे समोर न बसता आपल्याच बाजूला बसलं होतं, आणि त्यालाही मामांनी सवयीप्रमाणे डावीकडे वळवलं. म्हणजे बरोबर उलटं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे काकणंवाला हातच आरसा झाला.

"ताईने पाहिलं नाही?" मामींनी विचारलं.

"पाहिलं असेल. तिला वाटलं असेल मामा करतात म्हणजे काहीतरी असेल त्यात."

"आणि त्या मुलांनी वह्यांत काय लिहून घेतलंय?"

मामा उठून बूट घालू लागले. ते एका हाताने जमेना, तेव्हा मामींनी खाली बसून घातले. त्या दिवशी मामींनी एकही टोमणा मारला नाही, यावरून मामांनी ओळखलं की गोष्ट गंभीर आहे.

एक्स-रेत हाड मागे सरकलेलं होतं, आखूड झालं होतं, आणि पाठीकडची बाजू चुरा झालेली. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि पट्टीने हाड दोनदा मोजलं. मामांना शिव्या चालल्या असत्या.

"मामा, हे असंच जुळलं तर तळहात वर वळणार नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले.

मामांना ते कळत होतं. तळहात आभाळाकडे वळला नाही तर घ्यायचं काहीच घेता येत नाही: सुटे पैसे नाहीत, चहाची बशी नाही, आणि मोडलेल्या हाताखालून आधार देत प्लास्टरही फिरवता येत नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. अधीक्षकांकडे एक छापील कागद असतो, त्यावर "हलकं काम" असा रकाना असतो, आणि हलकं काम म्हणजे दारातली टोकन द्यायची खिडकी. त्या खिडकीत बसलेला माणूस कुणाचाच मामा नसतो. लोक त्याला "ओ, टोकन" म्हणतात.

"बसवा," मामा म्हणाले.

"काय?"

"तेच ते. तुमचं फावडं."

सूचनाफलकावरचा फोटो काढायला कुणी धजावेना. सुट्ट्यांच्या यादीचा कागद त्यावर चिकटवून प्रश्न सोडवला गेला. मामांचा एक डावा अंगठा तेवढा कागदाखालून डोकावत राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी काखेत इंजेक्शन दिलं आणि हात मामांचा राहिला नाही. बाकी मामा पूर्ण जागे. चादरीपलीकडे काय चाललंय ते त्यांना फक्त ऐकू येत होतं. शेजारच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मात्र आपलं हाड त्यांना दिसत होतं. आधी दोन तारा तिरक्या आत गेल्या आणि चुरा झालेले तुकडे, वर्गात शिक्षक आल्यासारखे, गप आपापल्या जागी उभे राहिले. मग प्लेट. मग ड्रिलची बारीक घरघर, मग स्क्रू, एकामागून एक. नंतर तारा काढून घेतल्या, तरी हाड हललं नाही.

मामा टक लावून बघत होते. आठ वर्षं ज्याला शिव्या दिल्या ते काम त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि ते चांगलं होतं. ही गोष्ट त्यांनी पुढे फक्त मामींना सांगितली, आणि मामींनी फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. म्हणजे आता ती सगळ्यांना ठाऊक आहे.

टाके झाले. पट्टी झाली. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे काढले, मान मोडली आणि आठ वर्षांच्या सवयीने, न बघता, म्हणाले, "चला, स्लॅबसाठी मामांना बोलवा."

खोलीत कुणी हललं नाही. नर्सने ताईकडे पाहिलं, ताईने चादरीकडे.

चादरीमागून आवाज आला, "मी इथेच आहे साहेब. पण आज माझा हात मोकळा नाही."

डॉक्टरांनी शेवटची पट्टी भिजवली होती ती विद्यार्थी असताना. इस्पितळात दुसरं कुणी प्लास्टरवालं नव्हतं. मामा कधी रजेवर गेलेच नव्हते, झोळीतल्या दहा दिवसांतही सकाळी येऊन डाव्या हाताने काम उरकून जात होते, त्यामुळे ते नसताना काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. मनगटात नऊ स्क्रू केसभर न चुकता बसवणाऱ्या त्या माणसाने अर्धं प्लास्टर घालायला घेतलं आणि दोन मिनिटांत ते त्यांच्या बोटांवरच घट्ट झालं.

"पाणी गरम घेतलंत ना?" मामांनी पलीकडून विचारलं.

"थोडं कोमट."

"नळाचं घ्या. आणि बुडबुडे थांबेपर्यंत पट्टी वर काढू नका. पिळू नका, दाबा. ताई, तू घे. साहेबांना बसू दे."

साहेब बसले. ताईने घातलं. मामांनी डावा हात चादरीवरून पलीकडे नेला, चाचपलं आणि म्हणाले, "इथे घडी पडलीये. परत." तिने परत घातलं. "कलवलंस कुठे?" "सरळ ठेवलंय मामा. प्लेट असली की कलवायची गरज नाही." मामांनी डावा हात चादरीवरून परत घेतला. "बरं," म्हणाले. सव्वीस वर्षांत त्या "बरं"ला साक्षीदार एवढेच.

"आता अंगठा," मामा म्हणाले.

"कुणाचा?" ताईने विचारलं.

"हाड ज्याने बसवलं त्याचा."

मोठे डॉक्टर उठले आणि नर्स, ताई, भूल देणारे, सगळ्यांच्या देखत त्यांनी ओल्या प्लास्टरवर आपला अंगठा दाबला. काकूंची बातमी एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. बाकीचे मजले तिच्यावर नंतर चढले.

दोन आठवड्यांनी टाके निघाले, आधाराचं प्लास्टर उतरलं आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. हाड जागेवर होतं, पण मनगट रुसलं होतं. मामांचा तळहात भिंतीकडे बघायचा, खाली जमिनीकडे बघायचा. वर म्हणून बघायचा नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला: तळहातावर चमचाभर पाणी घ्यायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं. मामींनी तो मनावर घेतला. रोज सकाळी खिडकीपाशी मामा हात पुढे करून बसायचे आणि मामी चमच्याने पाणी घालायच्या.

"सांडलं."

"कळतंय मला. माझ्याच पायजम्यावर सांडलं."

"खांदा वर नेऊ नका. हात वळवायचाय, खांदा नाही. मला फसवता, अधीक्षकांना काय फसवणार?"

पहिल्या आठवड्यात पाणी तळहातावर टेकतच नव्हतं. चौथ्या आठवड्यात तीन आकडे टिकलं. आम्ही जाता-येता खिडकीतून आकडे ओरडायचो. मामी खिडकी लावून घ्यायच्या.

इकडे प्लास्टरच्या खोलीत जो मोकळा सापडेल तो प्लास्टर घालत होता. कुणाचं प्लास्टर हातात बांगडीसारखं फिरायचं, कुणाचं मधूनच चिरायचं. एक गृहस्थ तर आपलं प्लास्टर पिशवीत घालून परत घेऊन आले आणि विचारू लागले, हे बदलून मिळेल का. एकट्या ताईची प्लास्टरं टिकत होती, पण ती दिवसातला निम्मा वेळ ऑपरेशनच्या खोलीत असायची.

तीन महिने झाले तसं अधीक्षकांनी मामांना बोलावलं. छापील कागद टेबलावर होता. मोठे डॉक्टर आणि ताई बाजूला बसले होते. अधीक्षकांना नियम आवडायचे आणि निकाल डोळ्यांनी बघायला आवडायचा. व्यायामाच्या बाईंकडून त्यांनी पाण्याची गोष्ट ऐकली होती.

"करा हात पुढे," ते म्हणाले, आणि आपल्या पेल्यातून त्यांनी चमचा नव्हे, चांगला घोटभर ओतलं.

मामांनी तळहात वळवला. खांदा हलला नाही. त्या क्षणी मामी असत्या तर पाहून समाधान पावल्या असत्या. एक, दोन, तीन. पाणी टिकलं. सात, आठ. नवव्या आकड्याला करंगळीच्या बाजूने तीन थेंब ओघळले आणि थेट छापील कागदावर पडले.

"गळतंय," अधीक्षक म्हणाले. त्यांनी कागद झटकला आणि पेन उघडलं.

"आणखी दोन महिन्यांत तेवढंही गळणार नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"दोन महिन्यांनी बघू. तोवर नियम म्हणजे नियम." अधीक्षकांचा आवाज मऊ झाला. "वाईट काय आहे त्यात, मामा? टोकनची खिडकी. बसून काम. डोक्यावर पंखा आहे. हाताला ताण नाही. आता या वयात आणखी काय हवं?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर चार माणसं हात गळ्यात अडकवून बसली होती. त्यातल्या एकाच्या मांडीवर पिशवी होती. मामांनी हातातलं उरलेलं पाणी पेल्यात परत ओतलं, तळहात पायजम्याला पुसला आणि म्हणाले,

"बसतो की साहेब खिडकीत, आत्तापासून बसतो. फक्त एवढं सांगा, मी टोकन दिलं की त्या माणसाला पाठवू कुणाकडे?"